सात घरं, एक वाक्य

"एक वाक्य म्हणायचंय तुला. एक! पानभर संवाद नाही मागत मी."

"तेच म्हणायचं नाहीये, ताई."

"का? दाढ दुखतेय?"

"ताई..."

"ताई-बिई राहू दे. ती बाई चार वाजता येणार. तिला बसवायचं आणि सांगायचं, हो, तुमचा मुलगा तसंच म्हणाला होता. आणि तुमच्या त्या मैत्रिणीचा मुलगाही तसंच म्हणाला होता. झालं! दोन पोरं एकच वाक्य म्हणू शकत नाहीत का? ठेच लागली की सगळीच 'आई गं' म्हणतात. त्यातलं खरं कुणाचं, असं विचारायला येतं का कुणी?"

"दोन नाही."

"काय दोन नाही?"

"दोन घरं नाहीत. सात आहेत. सात घरी गेलो होतो मी, आणि सातही ठिकाणी तेच म्हणालो."

ताईच्या हातातलं फडकं टेबलावरच थांबलं. जन्मभर टपाल कचेरीच्या खिडकीवर बसलेली ही बाई, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. आत्ता मात्र ती आधी खुर्ची ओढून बसली.

"टिपूस," ती भावाला म्हणाली, "अरे, निदान शब्द तरी इकडचे तिकडे करायचेस!"

कर्नलला टिपूस म्हणणारं जगात आता एवढं एकच माणूस उरलं होतं. सहासष्ट वर्षांचा, ताठ कण्याचा, अजूनही सकाळी स्वतःचे बूट स्वतः घासणारा हा गृहस्थ एके काळी सिनेमात रडायचा, आणि तेही असं की थिएटरातली रांगच्या रांग पदर आणि रुमाल शोधायला लागायची. खरं तर तो रोल त्याचा नव्हताच. स्टुडिओला आठ वर्षांची अनाथ मुलगी हवी होती. आईनं ताईच्या दोन घट्ट वेण्या घातल्या आणि तिला घेऊन गेली; धाकट्याला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तोही बरोबर. ताईनं हातवारे करकरून कविता म्हटली. दिग्दर्शकाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. कोपऱ्यात स्टुलावर बसलेलं सहा वर्षांचं पोर मोठ्या दिव्याकडे एकटक बघत होतं, आणि बघता बघता त्याच्या डाव्या डोळ्यातून एकच थेंब निघून गालावरून हनुवटीपर्यंत सरळ ओघळला. एका रात्रीत अनाथ मुलीचा अनाथ मुलगा झाला. "माझ्या दोन वेण्या तू खाल्ल्यास," हे ताई त्याला साठ वर्षं ऐकवत आली होती. आणि तरीही सहा ते बारा या वयातल्या त्याच्या पाचही सिनेमांच्या वेळी टॉवेल घेऊन कॅमेऱ्याच्या बाजूला हीच उभी. तो वाक्य विसरला की ओठ हलवून सांगायचीही हीच.

लोकांना वाटायचं, एवढंसं पोर, कसलं दुःख आठवत असेल कोण जाणे. त्याला काहीच आठवायचं नसायचं. मेकअपदादांनी युक्ती शिकवली होती. दिव्याच्या मध्यावर नाही, कडेवर बघायचं. पापणी लववायची नाही. श्वास अर्धा सोडायचा आणि मनात आकडे मोजायचे. नऊला टिपूस यायचं. दहाव्या आकड्याची कधी गरज पडली नाही.

बाकीचं शिक्षण दिग्दर्शकाचं. जमिनीवर खडूची फुली असायची. तिच्यावर जाऊन उभं राहायचं, पण तिच्याकडे बघायचं नाही. बोलायच्या आधी हातात काहीतरी घ्यायचं, पाटी, वाटी, पेला, काहीही. "हात रिकामे असले की तोंड खोटं वाटतं," ते म्हणायचे. आणि सगळ्यात मोठा धडा एका दुपारी मिळाला. त्याला म्हणायचं होतं, "बाबा कधी येणार? मला भूक लागलीय." दोनदा म्हटलं. दिग्दर्शकानं मान हलवली.

"पुढचं काप. 'कधी येणार' वर थांब."

"पण मला खरंच भूक लागलीय," पोर म्हणालं. अख्खा सेट हसला.

दिग्दर्शक हसले नाहीत. खाली वाकून त्यांनी त्याला नीट समजावलं. "पहिल्या वाक्याला लोक रडायला लागतात. मग तू भुकेचं काढतोस, आणि त्यांना घरचा स्वयंपाक आठवतो. वाक्य पडतं, बाळा. वाक्य कुठे थांबवायचं ते कळलं ना, की तू नट झालास."

त्याला कळलं. फारच लवकर कळलं.

बाराव्या वर्षी आवाज फुटला आणि बोलावणी बंद झाली. घरात कुणी त्याचं सुतक पाळलं नाही, पण रस्त्यात लोक थांबवायचे आणि म्हणायचे, "ए, रडून दाखव ना!" दुकानदार म्हणायचे, वर्गातली मुलं म्हणायची, एकदा तर दाताचा डॉक्टर म्हणाला. सतराव्या वर्षी त्यानं मैदानावर रंगरुटांची परेड बघितली. दोनशे मुलं, एकसारखे कपडे, एकसारखे केस, एकसारखी पावलं. कुणा एकाच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नव्हतं. घरी येऊन त्यानं सांगितलं, सैन्यात जातो. वडील म्हणाले, "तिथं रडून चालत नाही हं." तो म्हणाला, "म्हणून तर."

पण सिनेमातली कीर्ती त्याच्या आधी तिथं पोचली होती. प्रशिक्षणाच्या तिसऱ्या आठवड्यात ड्रिलमास्तरांनी त्याला रांगेतून पुढे काढलं. ड्रिलमास्तर म्हणजे साडेसहा फुटांचा माणूस आणि त्याहून मोठा आवाज.

"तू तो सिनेमातला रडका?"

"होय, सर!"

"रडून दाखव!"

साठ मुलं श्वास रोखून उभी. ड्रिलमास्तरांना शिक्षा द्यायची होती की तमाशा बघायचा होता, कुणास ठाऊक. सावधान अवस्थेत, छाती पुढे, नजर समोर झेंड्याच्या खांबाच्या टोकावर. एक, दोन, तीन... नऊ. डावा डोळा. एक थेंब. चेहऱ्यावरचा स्नायू हलला नाही.

हसण्यासाठी उघडलेली तोंडं तशीच राहिली. ड्रिलमास्तरांनी घसा साफ केला, रांगेत परत जायला सांगितलं आणि त्या दिवशी परेड दहा मिनिटं आधी सोडली. मग चार वर्षांत त्याला कुणी ते करायला सांगितलं नाही. त्यानंही कुणाला दाखवलं नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत तो चांगला अधिकारी म्हणूनच ओळखला गेला. हुकूम द्यायचा तो पोटातून, घसा न ताणता. मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्यालाही वाटायचं, हे मलाच सांगतायत. नकाशा बघून एकदा जागा ठरवली की अंधारातही तिथंच जाऊन उभा. आणि शिपायांची नावं, त्यांच्या घरचे आजार, कुणाच्या बहिणीचं ठरलंय, कुणाचं मोडलंय, सगळं पाठ. "ह्यांना संवाद पाठ करायची सवयच आहे," असं मेसमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, आणि तोही हसला होता.

मग तो मेजर असताना पलटणीच्या प्रमुखांनी त्याला आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर एका शिपायाचं ओळखपत्र होतं, तेवीस वर्षांचा मुलगा. वरच्या चौकीवर गोळा पडला होता. जखमी मुलाजवळ तंबूत चाळीस मिनिटं हाच बसून होता. हेलिकॉप्टर एकेचाळिसाव्या मिनिटाला आलं.

"घरी आई एकटीच आहे. पत्रानं कळवायचं नाही. तुझं बोलणं चांगलं आहे. तू जा."

जीपच्या सात तासांच्या रस्त्यात त्यानं ते वाक्य घासूनपुसून तयार केलं. मुलगा तंबूत जे बोलला होता, तेच. फक्त ते थोडं लांब होतं. त्यानं ते बसेल असं करून घेतलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. आईपुढे जाऊन अडखळणं, चुकीच्या जागी थांबणं, ते वाईट नव्हतं का? दारात गेल्यावर टोपी काढायची, डाव्या बगलेत धरायची. "आई, पाणी मिळेल?" म्हणायचं. ती पाणी आणेल, मग पेला हातात घेऊन सांगायचं. "त्याला वेदना फार झाल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाला, आईला सांगा, मी घाबरलो नव्हतो."

तसंच झालं. बाईंनी शिवणाच्या मशिनवर डोकं टेकलं. आणि ह्याच्या डाव्या डोळ्यातून टिपूस आलं.

ते आपण काढलं की आपोआप आलं, ह्यावर त्यानं परतीचे सात तास विचार केला. आकडे मोजल्याचं आठवत नव्हतं. न मोजल्याचंही आठवत नव्हतं.

चार महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं. ट्रक दरीत गेला होता. आत चौघं होते. त्यातल्या एकाची आई बेकरी चालवायची. ह्या वेळी त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीही नव्हतं. त्यानं टोपी काढली, पाणी मागितलं. बेकरीवालीनं पेला दिला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिची ती नजर! काहीतरी द्या, माझ्या हातात काहीतरी द्या, असं म्हणणारी. आणि तोंडानं ते वाक्य आपोआप म्हटलं. ती त्याच्या खांद्यावर कोसळली, आणि त्याच्या मनात एक लहानसा, थंड विचार येऊन गेला: बसलं.

पुढची पाच घरं मग तशीच.

निवृत्त झाल्यावर तो ताईकडे राहायला आला. बायकोला जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता, मुलगी परदेशी. दोघा भावंडांचं बरं चाललं होतं. तो भाज्या चिरायचा, ती त्याच्या चिरण्याला नावं ठेवायची. आठ दिवसांपूर्वी पत्र आलं. शिवण करणाऱ्या त्या पहिल्या बाईंचं. तिरकं, घट्ट अक्षर. पलटणीच्या वार्षिक स्मरणसभेला तिची नि बेकरीवालीची ओळख झाली होती, त्यालाही आता दहा-बारा वर्षं झाली. मुलांच्या शेवटच्या शब्दांबद्दल दोघी कधी बोलल्या नव्हत्या. ह्या थंडीत बोलल्या. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं: "ते वाक्य माझ्या मुलाचं, तिच्या मुलाचं की तुमचं, एवढंच मला विचारायचं आहे. मंगळवारी चार वाजता येते. घरी नसाल तर पायरीवर बसेन."

आज मंगळवार होता, आणि चारला पाच कमी.

"हे बघ," ताईनं शेवटचा प्रयत्न केला. "खरं सांगून कुणाचं भलं होणार आहे? तुझं. तुला हलकं वाटेल. तिनं काय करायचं ते ओझं घेऊन?"

"ती विचारायला येतेय, ताई."

"लोक विचारतात ते ऐकायला नाही विचारत. चाळीस वर्षं खिडकीवर बसलेय मी. 'माझं पत्र आलंय का' असं विचारणाऱ्याला 'नाही' म्हटलं की तो पुन्हा दुसऱ्या खिडकीवर जाऊन विचारतो."

फाटकाची कडी वाजली.

बाई ठेंगणी होती, करड्या केसांची, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. बोटांची टोकं सुयांनी टणक झालेली. तिनं चपला जोडीनं काढून ठेवल्या, खुर्चीच्या काठावर बसली, पिशवी पायाशी घेतली आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाली,

"पाणी मिळेल?"

ताईनं पेला आणून दिला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि मांडीवर टेकवला. ओठांना लावला नाही.

"घ्या ना," ताई म्हणाली.

"तहान नाही मला." तिची नजर कर्नलवरच होती. "तुम्ही माझ्याकडे मागितलंत, तेव्हा तुम्हालाही नव्हती."

"नव्हती," तो म्हणाला.

"मग कशाला मागितलंत?"

"हातात काहीतरी असावं म्हणून."

बाईंनी हे जरा चाखून बघितल्यासारखं केलं. "असं होय. मी काय समजले सांगू? साहेब लांबून आलेत, धुळीतून आलेत. मी पेला घासलेलाच होता, तरी पुन्हा घासला. घासता घासता मनात म्हणत होते, ह्याची रजा मंजूर झाली असणार, तेच सांगायला आलेत. तेवढा एक पेला घासेपर्यंत माझा मुलगा जिवंत होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, बरं का. तेवढा वेळ तुमच्यामुळे मिळाला."

ताई उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. कर्नलनं आपले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. समोर टेबलावर चष्म्याची डबी होती, वर्तमानपत्र होतं. त्यानं कशालाही हात लावला नाही.

"मला आई म्हणालात तुम्ही," बाई म्हणाली. "माझ्याएवढेच होतात. तेव्हाही मला ते जरा टोचलं. पण म्हटलं, दुःखात माणूस काहीही म्हणतो." तिनं पेला थोडा फिरवला. "तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतेय मी, साहेब. एका बेतावर कापलेले दोन सदरे असले ना, कुणी कितीही वेगळी बटणं लावून आणू दे, मला लांबून कळतं. त्या दिवशी बेकरीत बसलो होतो आम्ही. ती म्हणाली, तुमच्याकडे कोण आलं होतं सांगायला? मी म्हटलं, एक मेजर, भले होते, पाणी मागितलं नि प्यायलेच नाहीत. ती म्हणाली, अगं, माझ्याकडेही! हसलो आम्ही. मग ती म्हणाली, टोपी डाव्या बगलेत. मी म्हटलं, हो. मग म्हणाली, डाव्या डोळ्यातून पाणी. तेव्हा हसणं थांबलं. मग तिनं वाक्य सुरू केलं, आणि मी पुरं केलं. भट्टीतले पाव करपून कोळसा झाले, तरी आम्ही दोघी तशाच."

"मला..."

"थांबा. माफी नंतर मागा. आधी सांगा, कुणाचं? कुणाचंच नसलं तरी चालेल. पण सांगा."

कर्नलची नजर दाराकडे गेली. ताई उभी होती. तिचे ओठ हलत होते, साठ वर्षांपूर्वी कॅमेऱ्याच्या बाजूला हलायचे तसे, आवाज न करता: दो-घीं-चं.

त्यानं नजर काढून घेतली.

"तुमचं," तो म्हणाला. "ते तुमच्या मुलाचं आहे."

बाई हलली नाही. आनंद झाला असता तर दिसला असता. तसं काही दिसलं नाही. "कशावरून?" तिनं विचारलं. "तेव्हा आम्हा दोघींनाही तेच सांगितलंत. आज मी समोर बसलेय म्हणून माझं. उद्या ती येऊन बसली की तिचं. मी कशावरून खरं मानू?"

"कारण मी ते पुरं सांगितलं नव्हतं."

"म्हणजे?"

"पुढे... आणखी होतं." त्याचा आवाज पोटातून येईना. "तो म्हणाला, आईला सांगा, मी घाबरलो नव्हतो. मग थांबला. मग म्हणाला, आणि स्वेटर. निळा. तो हरवला नाही म्हणावं. दिला. कुणाला दिला म्हणून मी विचारलं, तर... नाही. नाव नाही सांगता आलं त्याला. दिला, दिला, असं दोनदा म्हणाला."

बावीस वर्षांत ते वाक्य इतकं वाईट त्यानं कधीच म्हटलं नव्हतं.

बाईंनी पेला मांडीवर दाबून धरला.

"मी लिहिलं होतं त्याला," ती बोलली, आणि जणू खोलीतल्या कुणाशीच नाही. "शेवटच्या पत्रात. निळा स्वेटर कुठाय, म्हणून विचारलं होतं आधी, तर उत्तर नाही. मग रागावून लिहिलं, वस्तू सांभाळता येत नाहीत तर पुन्हा काही विणून पाठवणार नाही. पत्र त्याच्या सामानातून परत आलं. फोडलेलं होतं. म्हणजे वाचलं होतं त्यानं. मला वाटायचं, हे वाचून..." ती थांबली. मग तिची मान वर आली. "हे तुम्हाला माहीत होतं? त्या दिवशी, माझ्या घरात उभे होतात तेव्हा?"

"पत्राचं माहीत नव्हतं. स्वेटरचं माहीत होतं."

"मग का नाही बोललात?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. विसरलो, म्हणता आलं असतं. तुम्ही कोसळलात म्हणून राहिलं, हेही चाललं असतं.

"वाक्य लांबत होतं," कर्नल म्हणाला.

"काय?"

"'घाबरलो नव्हतो' इथे थांबलं की ते... मनाला लागतं. पुढे स्वेटर आला की पडतं. मला तसं वाटलं. लहानपणी मला तसं शिकवलं होतं."

"पडतं," बाईंनी तो शब्द पुन्हा उच्चारला.

"सिनेमात होता तो," ताईला दारातून राहवलं नाही. "लहान होता हो. सहा वर्षांच्या पोराला..."

"ताई, नको."

"मलाही कापायचंच काम आहे, साहेब," बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर कर्नलला सोपं गेलं असतं. "रोज कापते. पण मुलाचं कापड असलं ना, तर शिवणीत दोन बोटं जास्तीचं सोडते. आत दुमडून ठेवते. आज लागत नाही, पण पोर वाढतं. मग उसवून सोडता येतं. तुम्ही काय केलंत? तेवढंच माझं होतं. बाकीचं तिलाही बसलं, पाहिलंत ना? ते कुणालाही बसतं. स्वेटर माझा होता."

कर्नलची बोटं गुडघ्यांवर घट्ट झाली. त्याला जाणवलं की समोरच्या भिंतीवर खिडकीतून आलेल्या उजेडाची एक कड आहे आणि आपण तिच्याकडे बघतोय. त्यानं डोळे मिटले, जोरात, आणि उघडून बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"आणि तिचा मुलगा?" बाईंनी विचारलं.

"मी तिथं नव्हतो. ट्रक दरीत गेला. चौघं जागच्या जागी. कुणी काही बोललं नाही. मला फोनवर कळलं."

"म्हणजे तिचं काहीच नाही."

"काहीच नाही."

बाईंनी पेला पुन्हा थोडा फिरवला.

"माझा मुलगा भित्रा होता," ती म्हणाली. "कुत्र्याला भ्यायचा, विजेला भ्यायचा. सैन्यात गेला तेव्हा गल्ली हसली. म्हणून ते वाक्य मला एकदम पटलं. भिणाऱ्यालाच असं सांगावंसं वाटतं. पण तिचा? पाच वर्षांचा असताना विहिरीत उतरला होता तो, पैज लावून. तो कशाला असलं सांगेल? आणि तिलाही ते कळत होतं, साहेब. बावीस वर्षं ती त्याचाच विचार करतेय. म्हणते, माझं पोर शेवटी किती घाबरलं असेल, की त्याला 'नाही घाबरलो' असं सांगावं लागलं." तिनं पहिल्यांदाच पेला खाली ठेवला, टेबलावर, वर्तमानपत्राशेजारी. "तुम्हाला वाटलं, काहीतरी दिलं तिला. हे दिलंत."

ताईनं दाराच्या चौकटीला हात टेकला.

"ती वाट बघत बसलीय," बाई पिशवी उचलत म्हणाली. "संध्याकाळची भट्टी लावली नाही आज. मला म्हणाली, मी नाही येत, तू जा. तू परत येऊन जे सांगशील ते मी खरं मानीन आणि पुन्हा म्हणून विचारणार नाही."

कर्नल उठून उभा राहिला. "मी येतो तुमच्याबरोबर. मी सांगतो तिला. तुम्ही का म्हणून..."

"नको," बाई म्हणाली. "तुम्ही पाणी मागाल."

तो उभाच राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. त्यानं ते तसेच सोडून दिले, दोन्ही बाजूंना, रिकामे. बाई दाराकडे गेली, वाकून जोडीनं ठेवलेल्या चपला जवळ ओढल्या आणि भिंतीचा आधार घेऊन एकेक पाय आत सरकवला. गुडघा दुखत असावा; दुसऱ्या पायाला वेळ लागला. टेबलावर पेला काठोकाठ भरलेला होता.

"मग तिला काय सांगाल तुम्ही?" कर्नलनं विचारलं.

बाई पायरी उतरली. फरशीवरून फाटकापर्यंत गेली आणि तिथं थांबली. त्याला वाटलं, आता वळेल. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेण्यासाठी ती थांबली होती. तिनं कडी काढली, बाहेर जाऊन ती पुन्हा नीट लावली, आणि बेकरी ज्या बाजूला होती त्या बाजूच्या बसच्या थांब्याकडे चालू लागली.